झुडपांतला शिपाई आणि खांबावरचा डोळा



इंग्लंडांतील केंट परगण्यांत पॅडॉक वुड नांवाचें एक खेडें आहे. १८९६ सालच्या जानेवारींत त्या खेड्याच्या रस्त्यानें एक चमत्कारिक गाडी धडधडत गेली. गाडीला घोडे नव्हते आणि कायद्याप्रमाणें गाडीपुढें चालावयास हवा तो माणूसहि नव्हता. गांवच्या पोलीस शिपायानें तें दृश्य पाहिलें, सायकलीवर टांग टाकली आणि सुमारें पांच मैल पाठलाग करून ती गाडी गांठली. गाडी हांकणाऱ्या गृहस्थाचें नांव वॉल्टर अर्नोल्ड. त्याचा अपराध असा कीं, जेथें ताशीं २ मैलांहून अधिक वेगानें जाण्यास मनाई होती तेथें तो ताशीं ८ मैल वेगानें गेला. २८ जानेवारी रोजीं न्यायालयानें त्याला या अपराधाबद्दल १ शिलिंग दंड आणि खटल्याचा खर्च ठोठावला. वेगासाठीं दंड भरणारा ब्रिटनमधील पहिला मोटारवाला म्हणून आज त्याचें नांव घेतलें जातें. शिपायाचें नांव मात्र कोणाच्या तोंडीं नाहीं.

या गोष्टींतील एक बारीकशी बाब मला फार महत्त्वाची वाटते. त्या दिवशीं शिपायाची सायकल मोटारीहून चपळ ठरली. कायद्याचे पाय गुन्ह्याच्या चाकांहून वेगवान असण्याचा तो काळ फार दिवस टिकला नाहीं. आणि पुढच्या सव्वाशें वर्षांचा इतिहास म्हणजे मागें पडलेल्या त्या शिपायानें मोटारीला गांठण्यासाठीं केलेल्या नाना युक्त्यांचा इतिहास होय. तो कधीं झुडपांत दडला, कधीं मोटार-सायकलीवर बसला, कधीं हातांत घड्याळ घेऊन उभा राहिला. आणि शेवटीं त्यानें आपला एक डोळा काढून खांबावर बसविला. त्या डोळ्यानें रस्त्यावरचीं माणसें अधिक वांचतात, कीं प्रत्यक्ष उभ्या असलेल्या शिपायानें, हा वाद अजून मिटलेला नाहीं. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. आरंभींच एक कबुली देऊन ठेवतों. मी स्वतः मोटार हांकीत नाहीं. रस्ता ओलांडणाऱ्यांच्या पक्षाचा आहें. माझ्या मतांना तेवढी वजावट अवश्य द्यावी.

अर्नोल्डनें मोडलेला कायदा १८६५ सालचा. वाफेच्या अजस्र यंत्रांसाठीं तो केलेला होता. खुल्या रस्त्यावर ताशीं ४ मैल व वस्तींत २ मैल ही मर्यादा, आणि यंत्रापुढें ६० यार्डांवर तांबडें निशाण घेऊन चालणारा एक माणूस, अशी त्यांतील तरतूद होती. १८७८ सालीं निशाणाची सक्ति गेली व अंतर २० यार्डांवर आलें. पुढें चालणारा माणूस मात्र तसाच राहिला. १८९६ च्या नोव्हेंबरांत हलक्या गाड्यांची या जाचांतून सुटका झाली. कायद्यानें ताशीं १४ मैलांची मुभा दिली आणि सरकारी खात्यानें ती १२ वर आणली. त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर रोजीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली व निघण्यापूर्वीं फराळाच्या वेळीं एक तांबडें निशाण समारंभपूर्वक फाडण्यांत आलें. जें निशाण अठरा वर्षांपूर्वींच कायद्यांतून गेलें होतें तें फाडण्यांत कसला पराक्रम, असें कोणी त्यावेळीं विचारल्याचें दिसत नाहीं. उत्सवांना इतिहासाची फारशी गरज नसते.

पण या दोन तारखांच्या मध्यें, १७ ऑगस्ट १८९६ रोजीं, दुसरी एक घटना घडून गेली होती. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीसह एका उत्सवासाठीं आली होती. तेथें लोकांना हौसेनें फिरवून आणणाऱ्या एका मोटारीखालीं ती सांपडली आणि गेली. मोटार ताशीं चारच मैल वेगानें चालली होती असें हांकणाऱ्याचें म्हणणें होतें. पंचांनीं अपघाती मृत्यूचा निर्णय दिला, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें, असा प्रकार पुन्हां कधींहि न घडो, अशी आशा प्रकट केली. ब्रिटनमध्यें मोटारीखालीं मेलेली ती पहिली पादचारी. त्या अधिकाऱ्याला हांसण्याचें कारण नाहीं. त्यानें जें इच्छिलें तें कोणत्याहि भल्या माणसानें इच्छिलें असतें. अवघ्या अडतीस वर्षांनीं त्याच देशांत एका वर्षांत ७,३४३ माणसें रस्त्यावर मेलीं.

१९०३ सालच्या कायद्यानें मोटारींवर क्रमांकाच्या पाट्या आल्या व वेगाची मर्यादा ताशीं २० मैल झाली. आतां मोटारी सायकलीच्या टप्प्याबाहेर गेल्या होत्या. म्हणून इंग्लंडच्या दक्षिणेकडील परगण्यांतल्या पोलिसांनीं पाठलाग सोडला आणि पारध आरंभिली. रस्त्याचा २२० यार्डांचा, म्हणजे एक अष्टमांश मैलाचा, तुकडा मोजून घ्यावयाचा. दोन्ही टोकांच्या कुंपणाच्या झुडपांत एकेक शिपाई बसवावयाचा. मोटार पहिल्या टोकावरून गेली कीं रुमाल हलवून खूण करावयाची आणि दुसऱ्यानें हातांतील घड्याळ पाहावयाचें. ताशीं २० मैल वेगानें हें अंतर काटण्यास साडेबावीस सेकंद लागतात. त्याहून कमी लागले तर शिपाई झुडपांतून बाहेर येऊन रस्त्यावर हात आडवा करी. घड्याळ दाबण्यांत एक-दीड सेकंदाची चूक झाली तर ताशीं दीड मैलाचा फरक पडे, हें मोटारवाल्यांचे वकील न्यायाधीशांना घसा कोरडा होईपर्यंत समजावून सांगत.

त्या काळीं मोटार ही श्रीमंतांची वस्तु होती आणि झुडपांत दडणारा शिपाई गरिबाघरचा होता, हें विसरून चालणार नाहीं. सरदार, डॉक्टर, बॅरिस्टर, ज्यांना पोलिसांनीं आजवर केवळ सलाम ठोकला होता, ते आतां त्याच पोलिसाच्या साक्षीवरून दंड भरूं लागले. त्यांचा संताप अनावर झाला. चोर-दरोडेखोर सोडून पोलीस आम्हांला पकडतात. यांना सुरक्षिततेची पर्वा नाहीं, यांना केवळ तिजोरी भरावयाची आहे. हे सांपळे अपघाताच्या जागीं नसून जेथें रस्ता सरळ व मोकळा तेथें लावलेले असतात, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून झळकूं लागल्या. शंभर वर्षांनंतर कॅमेऱ्यांविरुद्ध ज्या तक्रारी झाल्या त्या याच. माणसाच्या जागीं यंत्र आलें, पण फिर्याद तीच राहिली.

यांतून २९ जून १९०५ रोजीं लंडनच्या ट्रोकाडेरो उपाहारगृहांत एक संस्था स्थापन झाली. ऑटोमोबाइल असोसिएशन हें तिचें नांव. पुढें ही संस्था रस्त्यावर बंद पडलेल्या मोटारी दुरुस्त करणारी, नकाशे छापणारी, मोठी प्रतिष्ठित झाली. पण तिचा जन्म पोलिसांच्या सांपळ्यांपासून सभासदांना वांचविण्यासाठीं झाला, हें तिनेंहि कधीं लपविलें नाहीं. संस्थेचे नोकर सायकलीवरून रस्त्यावर फिरत. पुढें सांपळा असला कीं ते येणाऱ्या मोटारींना इषारा देत, आणि मोटारी सोज्ज्वळपणें विसाच्या आंत येत.

पोलिसांनीं या इषाऱ्यांवर खटले भरले आणि न्यायालयांपुढें एक मोठें सुरस कोडें उभें राहिलें. इषारा मिळाल्यावर मोटारवाला सावकाश जातो. कायद्याचीहि इच्छा तीच. मग इषारा देणारा कायद्याचा मित्र कीं शत्रु? पहिल्या खटल्यांत, मोटारी इषाऱ्यापूर्वीं मर्यादेबाहेर होत्या असा पुरावाच नसल्यानें, इषारा देणारे सुटले. पण पुढें, १९१० च्या कायदे-वृत्तांतांत प्रसिद्ध झालेल्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यांत, मोटारी आधींच वेगानें येत होत्या हें सिद्ध झालें होतें. सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन यांच्या न्यायासनानें ठरविलें कीं, गुन्हा चालूं असतां गुन्हेगाराला सावध करून पुरावा नाहींसा करणें म्हणजे पोलिसांच्या कामांत अडथळा आणणें होय.

संस्थेनें यावर काढलेली तोड मोठी इंग्रजी आहे. तिचे गस्तवाले सभासदांच्या मोटारीवरील बिल्ला पाहून नेहमीं सलाम करीत. आतां संस्थेनें सभासदांना कळविलें कीं, एखादा गस्तवाला सलाम करणार नाहीं तेव्हां गाडी थांबवून त्याचें कारण विचारावें. सलाम न करणें हा गुन्हा कोणत्या कलमाखालीं आणणार? पुढें कित्येक दशकें इंग्लंडच्या रस्त्यांवर न केलेल्या सलामाचा अर्थ पुढें पोलीस आहे असा होत होता.

हें कोडें मीं येथें लांबविलें याचें कारण तें केवळ गमतीचें नाहीं. कायद्यास वेग कमी व्हावयास हवा आहे कीं गुन्हेगार सांपडावयास हवा आहे? वेग कमी व्हावयास हवा असेल तर शिपायानें झुडुप सोडून रस्त्याच्या मध्यावर उभें राहावें. मग २२० यार्डांपुरता रस्ता सुरक्षित होईल आणि त्यापुढें पुन्हां मोकळें रान. उलट शिपाई दडून बसला तर तो कोठेंहि असूं शकेल, या भीतीनें सगळाच रस्ता सावध राहील. पण ज्या जागीं तो दडला आहे तेथें मोटार वेगानें जाऊं दिल्याशिवाय त्याचें काम होत नाहीं. दृश्य पोलीस आणि अदृश्य पोलीस, यांच्या गुणावगुणांचा सगळा शास्त्रार्थ या एका पेचांत आहे.

१९२९ सालीं एका शाही आयोगानें अहवाल दिला कीं ही मर्यादा रद्द करावी. ती इतक्या सर्रास मोडली जात होती कीं तिच्यामुळें कायद्याचीच अप्रतिष्ठा होत होती. १९३० च्या कायद्यानें मोटारींवरची वेगमर्यादा साफ उठली. त्याच कायद्यानें विमा सक्तीचा झाला आणि पोलिसांना मोटारींवरून गस्त घालण्यासाठीं पैसा मिळूं लागला, हें खरें. पण १९३४ सालीं मृतांचा आंकडा ७,३४३ वर गेला. त्यावेळीं त्या देशांत सगळ्या प्रकारचीं मिळून पंचवीस लाखांच्या आंतबाहेर वाहनें होतीं. आज तेथें चार कोटींहून अधिक वाहनें आहेत आणि वर्षाचे मृत्यु दोन हजारांच्या आंत आले आहेत. हा फरक मनांत ठेवला म्हणजे त्या काळचे रस्ते किती भयंकर होते याची कल्पना येईल. वाहतूक-मंत्री लेस्ली होर-बेलीशा यांनीं १८ मार्च १९३५ पासून वस्तींतल्या रस्त्यांवर ताशीं ३० मैलांची मर्यादा आणली, जूनपासून हांकणाऱ्याची परीक्षा सक्तीची केली आणि रस्ता ओलांडण्याच्या जागीं नारिंगी गोळ्यांचे खांब उभारले. त्या वर्षीं मृत्यु साडेसहा हजारांच्या घरांत आले.

मग १९३८ सालीं एक प्रयोग झाला. सरकारनें लँकेशायर व दुसऱ्या कांहीं विभागांत गस्तीच्या पोलिसांची संख्या बरीच वाढविली आणि त्यांना निराळीच शिकवण दिली. खटले भरूं नका. चूक दिसली कीं थांबवा, नम्रपणें समजावून सांगा आणि जाऊं द्या. लोक त्यांना सौजन्य-शिपाई म्हणूं लागले. लँकेशायरमध्यें अपघात लक्षांत येण्याइतके घटले. ही घट शिपायांच्या सौजन्यामुळें झाली कीं त्यांच्या संख्येमुळें, हें निश्चित होण्यापूर्वींच १९३९ सालीं महायुद्ध आलें, दिवे विझले, आणि १९४१ सालीं काळोखांतल्या रस्त्यांवर ९,१६९ माणसें मेलीं. हा प्रयोग पुरा झाला असता तर आजचा पुष्कळसा वाद वांचला असता असें मला वाटतें. दंडाची भीति न घालतां केवळ उपस्थितीनें काय साधतें, याची इतक्या मोठ्या प्रमाणावर परीक्षा पाहण्याची संधि क्वचितच येते.

युद्धानें माणसें नेलीं आणि एक यंत्र दिलें. विमानें शोधण्यासाठीं निघालेलें रडार अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांतल्या ग्लास्टनबरी गांवीं १९४७ च्या सुमारास मोटारींवर रोखण्यांत आलें. पण ज्या यंत्राचें नांव पुढें या विषयाला चिकटलें, तें एका हॉलंडवासी शर्यतपटूचें. मॉरिस गॅट्सोनिडेस याचा जन्म १९११ चा, जावा बेटावरचा. १९५३ ची माँटे कार्लोची प्रसिद्ध मोटार-शर्यत त्यानें जिंकली. वळणावरून आपण किती वेगानें जातों हें अचूक कळावें, म्हणजे अधिक वेगानें जातां येईल, एवढ्यासाठीं त्यानें एक साधन केलें होतें. रस्त्यावर आडव्या दोन रबरी नळ्या. पुढचें चाक पहिलीवर चढलें कीं घड्याळ सुरू, दुसरीवर चढलें कीं बंद. झुडपांतल्या दोन शिपायांचेंच काम तें, रुमालाशिवाय. १९५८ सालीं त्यानें कंपनी काढली. गिऱ्हाइकें अर्थात् पोलीस. पुढें नळ्यांच्या जागीं रडार आलें आणि त्याला कॅमेरा जोडला गेला. वेगवान होण्यासाठीं केलेलें यंत्र जगभर वेग रोखण्यासाठीं खपलें. आणि आपल्याच यंत्रानें आपणही कित्येकदां पकडलों गेलों, हें तो गृहस्थ स्वतःच सांगत असे.

ब्रिटनमध्यें १९९१ च्या कायद्यानें कॅमेऱ्याची साक्ष ग्राह्य ठरली आणि १९९२ सालीं लंडनच्या पश्चिमेस ट्विकनहॅम पुलावर पहिली पेटी उभी राहिली. त्या पुलावर ताशीं ४० मैलांची मर्यादा होती. यंत्र त्याहून कितीतरी अधिक वेगालाच टिपेल असें लावलेलें असूनहि पहिल्या बावीस दिवसांत त्यांत सुमारें तेवीस हजार मोटारी सांपडल्या! इतके गुन्हेगार झुडपांतल्या शिपायांनीं आयुष्यभरांत पाहिले नसतील. या यंत्राची रीत अशी कीं, रडारनें वेग मोजला व तो मर्यादेबाहेर भरला कीं अर्ध्या सेकंदाच्या अंतरानें दोन छायाचित्रें निघतात. रस्त्यावर ठराविक अंतरावर पांढऱ्या रेघा आंखलेल्या असतात. ताशीं ४० मैलांनीं जाणारी मोटार अर्ध्या सेकंदांत सुमारें २९ फूट जाते. ती दोन चित्रांत किती रेघा ओलांडून गेली हें मोजून रडारची साक्ष पडताळून पाहतां येते. पहिल्या पेट्यांत साध्या फिल्मचें वेटोळें असे, तें लौकर संपे. आणि पेट्यांपेक्षां कॅमेरे कमी असल्यानें पुष्कळ पेट्या रिकाम्याच उभ्या असत. आपल्या शेतांत बुजगावणें उभें करतात त्यांतलाच हा प्रकार. पांखरांना कळेपर्यंत त्याचाहि उपयोग होतो.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. या पेट्यांनीं माणसें वांचलीं काय? २००५ सालीं ब्रिटिश सरकारसाठीं झालेल्या चार वर्षांच्या पाहणीचा अहवाल बाहेर आला. कॅमेरे बसविलेल्या जागीं ठार व गंभीर जखमी होणाऱ्यांची संख्या शेंकडा ४२ नें घटली, असें त्यांत होतें. सरकारनें हा आंकडा अभिमानानें पुढें केला. परंतु त्याच अहवालाच्या परिशिष्टांत संशोधकांनीं प्रामाणिकपणें लिहून ठेवलें होतें कीं, यांतील बरीचशी घट कॅमेऱ्याशिवायहि झाली असती. हें कसें? आपल्या घरांतलेंच उदाहरण घ्या. मुलाला ताप येतो. एक, दोन, तीन चढतो. चौथ्या डिग्रीला आजी अंगारा लावते आणि सकाळीं ताप उतरतो. आजीची श्रद्धा दृढ होते. पण अंगारा लागतो तोच मुळीं ताप कळसाला पोंचल्यावर, आणि कळसावरून उतार हा ठरलेला. त्याचप्रमाणें कॅमेरा बसवावयाचा तो जेथें गेल्या तीन वर्षांत गंभीर अपघात ठराविक संख्येहून अधिक झाले तेथेंच, असा सरकारी नियम होता. ज्या कोपऱ्यावर दैवयोगानें तीन वर्षें वाईट गेलीं, तेथें चौथें वर्ष बहुधा बरें जाणारच.

म्हणून कॅमेरा हा निव्वळ अंगाराच, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. ही वजावट करून केलेलीं संशोधनेंहि आहेत. निरनिराळ्या देशांतल्या पस्तीस अभ्यासांचा आढावा २०१० सालीं एका मंडळीनें घेतला. त्यांत बहुतेक सगळीकडे घटच दिसली; कॅमेऱ्याच्या परिसरांत प्राणांतिक व गंभीर अपघात शेंकडा ११ पासून ४४ पर्यंत कमी झाल्याचे आंकडे निघाले. अभ्यासांचा दर्जा याहून चांगला हवा होता, असेंहि त्यांनींच लिहिलें आहे. शिवाय कारण उघड आहे. वेगांत शेंकडा एकाचा फरक पडला तर प्राणांतिक अपघातांत शेंकडा चाराच्या आसपास पडतो, असा स्वीडनमधील नील्सन यांचा अडाखा आहे, व तो स्थूलमानानें अनेक देशांत पटला आहे.

आणि शिपाई? १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या टोरोंटोच्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, पोलिसांची गाडी दिसतांच मोटारींचा वेग मर्यादेपर्यंत उतरतो, पण हा परिणाम पुढें दर सुमारें ९०० मीटरांना निम्म्यानें ओसरत जातो. पोलीस एकच दिवस उभा राहिला तर त्याची आठवण थोडे दिवस टिकते. ओळीनें अधिक दिवस उभा राहिला तर अधिक टिकते. खांबावरच्या कॅमेऱ्याचा प्रभाव तर याहूनहि आंखूड. नेहमींचा प्रवासी खांबाजवळ वेग उतरवतो आणि खांब ओलांडतांच पुन्हां उसळी घेतो. १९९९ नंतर ब्रिटनमध्यें दोन खांबांमधील वेळ मोजून सरासरी वेग काढणारीं यंत्रें आलीं तीं यासाठींच. १९०५ सालचे दोन झुडपांतले दोन शिपाई पुन्हां जन्मास आले. फक्त २२० यार्डांच्या जागीं आतां कित्येक मैल झाले.

पोलिसांच्या बाजूचा सर्वांत विलक्षण पुरावा ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडचा आहे. तेथें पोलीस थोडे आणि रस्ते अफाट. तेव्हां रस्त्यांचे तुकडे व दिवसाचे प्रहर पाडून, कोणत्या तुकड्यावर केव्हां गाडी उभी करावयाची, हें चक्क चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें यदृच्छेनें ठरविण्यांत आलें. गाडी लपलेली नसे. ठळक खुणांची, सर्वांना दिसेल अशी उभी असे. ती कोठें असेल हें मात्र कोणालाच, कदाचित् पोलिसांनाहि, आधीं सांगतां येत नसे. या योजनेनें राजधानीबाहेरच्या विभागांत प्राणांतिक अपघात शेंकडा ३१ नें घटले असा अंदाज २००१ सालीं प्रसिद्ध झाला. झुडपाचा अनिश्चितपणा आणि चौकाचा उघडेपणा, दोन्ही एकत्र. लॉर्ड अल्व्हरस्टोन यांच्यापुढच्या कोड्याला इतकें साधें उत्तर असूं शकतें हें १९१० सालीं कोणास सुचलें नाहीं.

त्याच देशांतल्या व्हिक्टोरिया राज्यानें नेमका उलट रस्ता धरला. तेथें १९८९ पासून साध्या मोटारींत दडविलेले कॅमेरे आणि त्याबरोबर रस्त्यावर कोणाहि वाहनचालकाच्या श्वासांतील मद्य तपासणारे पोलीस, अशी दुहेरी मोहीम निघाली. १९८९ सालीं तेथें ७७६ माणसें मेलीं होतीं. १९९२ सालीं ३९६. मध्यंतरीं व्यापार मंदावला होता, त्यामुळें गाड्या कमी धांवल्या, हें त्यांत धरलें पाहिजे. तरीहि तीन वर्षांत निम्मे मृत्यु टळणें ही लहान गोष्ट नव्हे. यश यंत्राचें कीं माणसाचें, हें मात्र तेथें वेगळें काढतां येत नाहीं. दोघेंहि एकाच वेळीं कामाला लागलीं होतीं.

मला स्वतःला जी भीति वाटते ती दोघांपैकीं एक आल्यावर दुसरा घरीं पाठविला जाण्याची. यंत्राला एकच पाप दिसतें. दारू पिऊन ताशीं २९ मैलांनीं जाणारा त्याच्या दृष्टीनें पुण्यवान. परवाना नसलेला, खोटी पाटी लावलेला, झोपेनें डोळे मिटणारा, सर्व त्याच्या पुढून निर्वेध जातात. आणि ज्याला तें पकडतें त्यालाहि थांबवीत नाहीं. ब्रिटनमध्यें नोटीस चौदा दिवसांच्या आंत गाडीच्या मालकाकडे पोंचते. तोंवर तो कोठें आदळला असेल तर नोटीस वाचण्यास उरत नाहीं. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीनें २००६ सालीं याच प्रश्नावर एक अहवाल लिहिला. वाहतुकीच्या पोलिसांची संख्या रोडावत चालल्याबद्दल चिंता त्यांत आहे, आणि यंत्रें पोलिसांच्या जोडीला हवींत, त्यांच्या जागीं नव्हेत, असा त्याचा रोख आहे.

दुसरी बाजूहि आहे व ती लहान नाहीं. शिपाई माणूस पाहून बोलतो. गाडी कोणाची, पोषाख कसला, ओळख कोणाची, हें त्याला दिसतें. खांबाला तें दिसत नाहीं. ज्या समाजांत दंड टाळण्याच्या वाटा पुष्कळ, तेथें हा आंधळेपणा मोठा गुण होय. मुंबई–पुणें द्रुतगति मार्गावर आतां अशीं यंत्रें बसलीं आहेत, त्यांचा हिशेब पुढें यथावकाश लागेल; परंतु दंडाच्या नोटिशींत ओळखीपाळखीचा उपयोग होत नाहीं एवढें तरी पुष्कळांना कळून चुकलें असेल.

आमच्या घराजवळच्या चौकांत सकाळीं शाळेच्या वेळेला एक हवालदार उभे राहात. त्यांनीं कोणाला दंड केल्याचें मीं पाहिलें नाहीं. ते फक्त हात वर करीत, आणि पाठीवर दप्तरें घेतलेलीं पन्नास पोरें रस्ता ओलांडून जात. त्यांची बदली झाल्यावर तेथें खांबावर एक पेटी आली. गाड्या पूर्वींपेक्षां सावकाश जातात, हें मी मान्य करतों. पण मुलें मात्र कडेला उभीं राहून वाट पाहातात. कारण पेटीला हात नाहीं.

फ्रान्समध्यें २००३ च्या शेवटीं स्वयंचलित कॅमेरे आले. २००२ सालीं तेथें सात हजारांहून अधिक माणसें रस्त्यावर मेलीं होतीं. २०१० सालीं हा आंकडा चार हजारांच्या आंत आला. आणि २०१८ च्या हिवाळ्यांत, पिवळीं जाकिटें घालून रस्त्यावर उतरलेल्या लोकांनीं याच कॅमेऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक मोडले, जाळले वा झांकले. पेट्रोलवरचा कर आणि सरकारचा उद्दामपणा यांविरुद्धचा तो राग होता. गांवाबाहेरच्या रस्त्यांवरची मर्यादा त्याच उन्हाळ्यांत ताशीं ८० किलोमीटरवर आणली गेली होती, हेंहि लोक विसरले नव्हते. राग काढण्यासाठीं खांब सोयीचा असतो. तो उलट उत्तर देत नाहीं. १९३८ च्या लँकेशायरमधील सौजन्य-शिपायाची अशा वेळीं आठवण होते.

शेवटीं ऑक्सफर्डशायरची गोष्ट सांगून थांबतों. पैशाची ओढ लागल्यामुळें त्या परगण्यानें २०१० च्या ऑगस्टमध्यें रस्त्यांवरचे सगळे स्थिर कॅमेरे बंद केले. पेट्या उभ्याच होत्या. आंतला डोळा मिटला होता, आणि तो मिटल्याचें वर्तमानपत्रांनीं सर्वांना कळविलें होतें. पुढच्या सहा महिन्यांत परगण्यांत १८ माणसें रस्त्यावर मेलीं. आदल्या वर्षींच्या त्याच सहा महिन्यांत १२ मेलीं होतीं. अंगाऱ्याचा नियम येथेंहि लागू आहे. इतक्या लहान आंकड्यांवरून शास्त्र उभें राहात नाहीं, आणि सहा हा फरक केवळ दैवाचाहि असूं शकतो. पोलिसांनीं त्या शास्त्राची वाट पाहिली नाहीं. १ एप्रिल २०११ रोजीं त्यांनीं कॅमेरे पुन्हां चालूं केले.